हात टेकायला कपाट

घरसजावटीच्या मासिकातलं एखादं सुंदर घर बघून तुम्ही कधी सुस्कारा सोडला असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. त्या घरात कुणी राहत नाही. सोफा दुकानातून मागून आणलेला असतो, आणि त्याच्या पायांना खालून फडकी बांधलेली असतात, कारण काम झालं की तो नवाकोरा म्हणून परत दुकानात जायचा असतो. मागची भिंत म्हणजे रंगवलेला पुठ्ठा. पुस्तकांच्या मांडणीत पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवलेल्या. टेबलाच्या कोपऱ्यावर कुणाचा तरी चष्मा आणि अर्धा प्यालेला चहा ठेवला की झालं, बघणाऱ्याला वाटतं, घरातलं माणूस आत्ताच उठून आत गेलंय. तो चष्मा तिथं ठेवणारी बाई म्हणजे आपली मांडणीताई.

तिला नावानं हाक मारणारं मासिकाच्या कचेरीत कुणी नव्हतं. संपादकबाईंपासून फोटोवाल्यापर्यंत सगळे मांडणीताईच म्हणायचे, आणि तिलाही ते आवडायचं. कामात मात्र महा खडूस. फुलदाणी बोटभर डावीकडं, मग अर्धं बोट उजवीकडं, मग पुन्हा होती तिथंच, असं करत ती सगळ्यांना ताटकळत ठेवायची. एकदा फोटोवाला वैतागून म्हणाला, "ताई, उशी आहे ती, मंत्री नाही." ती म्हणाली, "मंत्र्याला सुरकुत्या चालतात. उशीला चालत नाहीत." मग एक डोळा बारीक करून, मान तिरकी करून ती लांबून बघायची, आणि पटलं की नुसतं "हं" म्हणायची. त्या "हं"शिवाय कॅमेऱ्याचं बटण दाबायची कुणाची छाती नव्हती.

आणि हीच बाई घरी गेली की खुर्चीसुद्धा तसूभर हलवायची नाही. कारण घरी बाबा होते, आणि बाबांना दिसत नव्हतं.

बाबा पोस्टमन. जन्मभर पायी हिंडलेले. डोळे गेले ते निवृत्तीनंतर, हळूहळू, आधी एक आणि मग दुसरा. बायको त्याच्या आधीच गेलेली. ताईनं लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर ती "राहून गेलं" एवढंच सांगायची, तेव्हा आपणही जास्त खोदू नये. डोळे गेल्यावर बाबा बरेच दिवस पलंगावर बसून राहिले, कुणाशी धड बोलेनात, आणि मग एका सकाळी आपले आपण उठले. भिंत, खुर्ची, टेबल, कपाट, असं हातानं चाचपत त्यांनी सगळं घर पाठ करून टाकलं. स्वतःचा चहा स्वतः करायला लागले. कुणी दंडाला धरायला गेलं की झिडकारायचे. "सोड. पत्ता ठाऊक आहे मला," म्हणायचे.

त्या पत्त्यातलं मुख्य ठिकाण म्हणजे झोपायच्या खोलीतून स्वयंपाकघराकडं जाताना, बरोबर वळणावर उभं असलेलं कपाट. कमरेच्या थोडं वर येणारं, भरीव लाकडाचं, चार माणसं लावली तरच हलेल असं. ते ताईला दुकानातून मिळालं होतं. फर्निचरचं दुकान आणि मासिक यांचं तेव्हा अगदी गूळपीठ होतं. दुकान मासिकाला जाहिराती द्यायचं, मासिक दुकानाचं सामान छापायचं, आणि दुकानाची काच सजवून दिल्याबद्दल मालक ताईला कधी दिवा, कधी आरसा, कधी टेबल द्यायचे. असं करता करता तिचं घर मासिकातल्या घरापेक्षा देखणं झालं होतं. बघणारं फक्त ती एकटीच होती.

आता कपाटाचं. बाबा आधी त्याच्या कडेवर नुसती बोटं फिरवत पुढं जायचे. पण वय कुणाला सोडतं का? अलीकडं घरात एकटे असले की ते वळणावर थांबायचे, तळहात कपाटावर टेकायचे, सगळा भार त्याच्यावर टाकून दोन श्वास घ्यायचे, आणि मग वळायचे. ताई दिवसभर बाहेर. तिनं हे कधी पाहिलंच नव्हतं. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

मग मंदी आली. ती काय वाजतगाजत थोडीच येते. दुकानात आधी गिऱ्हाइकांची चाल बदलली. पूर्वी लोक सोफ्यावर बसून बघायचे आणि मग किंमत विचारायचे. आता आधी किमतीची चिठ्ठी उलटून बघायचे आणि मग नुसतेच बसायचे, पाय मोकळे करायला. नोकऱ्या गेलेली जोडपी पलंग परत घेता का म्हणून विचारायला यायची. एखादी बाई तासभर पडद्यांचे तागे उलगडून बघायची आणि जाताना उशीचा एक अभ्रा घेऊन जायची. दुकानातली माणसं कपाटं पुसून पुसून इतकी चकचकीत करायची की बघवत नसे, कारण दुसरं कामच नव्हतं. "सेल"ची पाटी आधी दोन दिवसांसाठी लागली, मग ती उतरलीच नाही.

दुकानाला कापरं भरलं की मासिकाला ताप येणारच. जाहिराती गेल्या, तशी पानं गेली. एके काळी उशाला घेता येईल एवढं जाड मासिक पार हडकलं. संपादकबाई म्हणाल्या, आता लोकांना कमी खर्चातलं काही तरी द्या. म्हणून ताई लिहायला लागली, जुन्या चादरींचे पडदे कसे करावेत, खोक्यांचं टेबल कसं करावं. आता ज्या बाईला जुन्या चादरीचे पडदे करायचेत, ती त्यासाठी मासिक विकत घेईल का? हे शहाण्या माणसांना कळायला वर्ष लागलं. तोवर फोटोवाला गेला, चित्रं काढणारी गेली, आणि ताईचा पगार अर्धा झाला, मग कधी मिळायचा, कधी नाही.

बाबांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला कशाला घोर लावायचा, असं तिनं स्वतःला समजावलं. आपण सगळेच असं समजावतो. खरं म्हणजे तिला त्यांच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं.

दुकानाच्या मालकांनीच तिला वाट दाखवली. नवं सामान कुणी घेईना, तेव्हा त्यांनी दुकानाच्या मागच्या बाजूला जुनं विकायला ठेवलं. "ताई, तुमच्याकडं आपलंच सामान आहे ना," ते एकदा अवघडून म्हणाले. "भरीव लाकूड लोक अजून घेतात. बघा, नड असेल तर." नड होतीच.

पहिले गेले दिवे. बाबांना दिव्यांचं काय? मग आरसा. आंधळ्या माणसाला आरसा कशाला, असा विचार मनात आला आणि तिची तिलाच शिसारी आली, पण आरसा गेला तो गेलाच. ही दोन्ही गेल्याचं बाबांना कळलंसुद्धा नाही. मग टेबलाची पाळी आली. टेबलाला बाबांचा हात लागायचा, म्हणून तिनं खोकी मांडली, वर फळी ठोकली, तीच उंची, तीच लांबी, वर तेच जाड कापड. बाबा तिथं बसून जेवले. दुसरी पोळीही मागून घेतली. तिचा जीव भांड्यात पडला आणि तिथंच घात झाला. एकदा निभावलं की माणसाला वाटतं, नेहमीच निभावेल.

मालकांकडं कपाटाला गिऱ्हाईक आलं तेव्हा तिनं बाबांना दिवसभरासाठी त्यांच्या पोस्टातल्या जुन्या जोडीदाराकडं नेऊन सोडलं. बाबा खूश झाले. "बऱ्याच दिवसांनी आठवण झाली तुला," म्हणाले. ती घरी परत आली, दुकानाच्या माणसांनी कपाट उचलून नेलं, आणि वळणावर फरशीचा एक चौकोन उघडा पडला, तो बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होता. मग ती कामाला लागली. मासिकाच्या स्टुडिओतून तिनं जाड पुठ्ठा आणला होता. फोटोसाठी अशी कपाटं तिनं डझनांनी केली होती, डोळे मिटून केली असती. चौकट बारीक पट्ट्यांची, वर पुठ्ठा. कडांना मात्र खऱ्या लाकडाच्या पट्ट्या, कारण बाबांची बोटं कडेवरून फिरतात. सरकू नये म्हणून तळाशी विटा. पट्ट्यांना तिनं तेच जुनं पॉलिश चोळलं, वास तोच यावा म्हणून. कपाटाच्या कोपऱ्याला एक टवका उडालेला होता, तो बाबांच्या अंगठ्याच्या ओळखीचा. तो टवकासुद्धा तिनं नेमक्या जागी पाडला.

मग ती लांब गेली, मान तिरकी केली, एक डोळा बारीक केला. आणि "हं" म्हणाली.

अहो, जन्म गेला तिचा दिसण्याच्या धंद्यात. कपाट कसं दिसतं, कडा कुठं येते, प्रकाश कुठून पडतो, सगळं तिला ठाऊक. फोटोतल्या कपाटाला कुणी कधी टेकत नाही. ज्या माणसाला काही दिसतच नाही त्याच्यासाठी आपण दिसायला हुबेहूब कपाट करून ठेवलंय, हे तिच्या डोक्यात आलं नाही. दुसरं कुणी असतं तर वळणावर एक साधा दगडी बाक आणून ठेवला असता.

संध्याकाळी बाबा घरी आले. वळणावर त्यांची बोटं कडेवरून फिरली, टवक्यापाशी थांबली.

"पॉलिश केलंस का गं?"

"हो," ती म्हणाली.

"वास येतोय." आणि ते पुढं गेले.

दुसऱ्याच दिवशी मासिकाचा शेवटचा अंक निघाला. संपादकबाईंनी सगळ्यांना बोलावलं होतं. सगळे म्हणजे चौघं. बाईंनी स्वतः सगळ्यांना चहा ओतला. ताईनं आपल्या खणातला चष्मा उचलला, तोच, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायचा, बिनकाचांचा. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला. बाबा पडले होते.

शेजारणीला धपकन आवाज आला म्हणून ती धावली. बाबा वळणावर कुशीवर पडलेले, आणि कपाट भिंतीवर कलंडलेलं. तिनं ते एका हातानं सरळ केलं, आणि तेव्हा तिला कळलं. ताई आल्यावर तिनं ताईकडं नुसतं बघितलं. असं बघण्यापेक्षा दोन मुस्काटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली, हाड बसलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं छान आहे, आता उभं करायचं. पण बाबा उभे राहीनात.

"मला चक्कर आली होती," ते डॉक्टरांना सांगायचे. "नेहमीप्रमाणे हात टेकला. तर कपाट गेलं बघा हाताखालून. ते कपाट चार माणसांना हलत नाही. म्हणजे माझंच डोकं फिरलं. डोकं फिरलं की माणसाला घर फिरल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या दिल्या. कान तपासले, डोकं तपासलं. काही सापडलं नाही, म्हणून गोळ्या वाढवल्या. व्यायाम करून घेणाऱ्या बाई रोज यायच्या, गोड बोलायच्या, रागावायच्या. बाबा पलंगाची दांडी घट्ट धरून बसायचे. "नको," म्हणायचे. "डोळे गेले तेव्हा पत्ता तरी पाठ होता. आता पत्ताच चुकायला लागला." व्यायामवाल्या बाईंनी ताईला बाहेर बोलावून सांगितलं, आता चालले नाहीत तर पुढं चालणार नाहीत, मग कायमचं अंथरूण.

ताईला हे तिथल्या तिथं सांगून टाकता आलं असतं. एक वाक्य. पण ती आधी दुकानाकडं धावली. तिला वाटलं, खरं कपाट परत आणून वळणावर ठेवलं, बाबांचा हात त्याच्यावर टेकवला, तर न सांगताच सगळं सरळ होईल. काही झालं तरी तिला मांडूनच सोडवायचं होतं. तिला दुसरं काही येत नव्हतं.

दुकानाच्या काचेला आतून कागद लावलेले होते. दार उघडं होतं. आत मालक एका स्टुलावर बसले होते. सगळा माल गेलेला, भिंतींवर फक्त खिळे आणि जमिनीवर पलंगांच्या पायांचे वण. इतका मोठा हॉल तिनं पहिल्यांदा रिकामा बघितला. "या ताई," मालक म्हणाले. "बसा म्हणायला खुर्ची नाही बघा." फर्निचरच्या दुकानाच्या मालकानं हे म्हणावं. दोघंही हसली, आणि हसता हसता मालकांचे डोळे भरून आले. तिनं कपाटाचं विचारलं. ते ठरवून गेलेलं गिऱ्हाईक शेवटी न्यायला फिरकलंच नव्हतं, आणि कपाट उरलेल्या मालाबरोबर ट्रकमध्ये भरून गेलं होतं. कुठं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. तिला ते कशाला हवं होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

ती दवाखान्यात परत आली. बाबा जागे होते. तिच्या पावलांवरून त्यांनी ओळखलं.

"आलीस?"

ती पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. "बाबा, तुम्हाला चक्कर आली नव्हती."

"डॉक्टर म्हणतात ना, चक्करच असेल."

"डॉक्टरांना माहीत नाही. कपाट खरंच हललं. ते आपलं कपाट नव्हतं. पुठ्ठ्याचं होतं. मी केलेलं."

शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकत होता, त्याचं खोकून होईपर्यंत बाबा थांबले.

"आणि आपलं?"

"विकलं. तुम्ही जोडीदाराकडं गेला होतात, त्या दिवशी."

"पॉलिश केलं म्हणालीस."

"हो."

"टेबल?"

"तेही गेलं. खोकी आहेत."

"आरसा होता मोठा. आणि दिवे."

"ते सगळ्यात आधी."

"मग संध्याकाळी तू काय अंधारात बसतेस?"

"स्वयंपाकघरातला दिवा आहे ना," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी विचारलं, "दिसायला कसं होतं?"

"काय?"

"तू केलेलं कपाट."

ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "हुबेहूब होतं, बाबा."

"असणारच," ते म्हणाले. "तुझं काम आहे."

ते रागावले असते, तोंड फिरवलं असतं, तर तिला सोसलं असतं. ते तिचं कौतुक करत होते, आणि मनापासून करत होते.

"मला सांगायचंस गं," ते थोड्या वेळानं म्हणाले. "मोकळ्या घरात राहिलो असतो मी. भिंत धरून गेलो असतो. दिसायचं बंद झाल्यावर माझ्याकडं एवढंच उरलं होतं, हाताला लागलं म्हणजे आहे." पुढं ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाबा उभे राहिले. डोकं ठीक आहे म्हटल्यावर धीर आला त्यांना. व्यायामवाल्या बाईंना वाटलं, गोळ्या लागू पडल्या. दांड्यांच्या चौकटीला, म्हणजे वॉकरला, धरून ते चालायला लागले, आणि काही दिवसांनी घरी आले.

घरात आता जे होतं ते खरं होतं, म्हणजे जवळजवळ काहीच नव्हतं. पुठ्ठ्याचं कपाट ताईनं मोडून टाकलं होतं. मोडायला फारसा वेळ लागला नाही. बाबा आत आले आणि पहिल्याच पावलाला थांबले. रिकाम्या घरात पावलाचा आवाज वेगळा येतो. त्यांनी तो ऐकला आणि मान खाली घातली.

सकाळी त्यांना चहा करायचा होता. "मी करते," ती म्हणाली. "नको," ते म्हणाले. वॉकर बाजूला ठेवून भिंतीच्या कडेनं निघाले. ताई पुढं जाऊन वळणावर उभी राहिली, त्या उजळ चौकोनात, पाय जुळवून.

"बाबा, मी उभी आहे इथं. कपाटाच्या जागी. खांद्यावर हात ठेवा."

बाबांचा हात हवेत आला. तिच्या खांद्याला लागला. आणि तिथं थांबला.

त्या हातानं तिला चालायला शिकवलं होतं, गर्दीत तिचं मनगट धरलं होतं, आई गेली तेव्हा तिचं डोकं छातीशी धरलं होतं. त्या हातानं आता तिचा खांदा आधी हळूच दाबून बघितला. मग थोडा ढकलून बघितला, जातो का ते. खांदा गेला नाही. तेव्हा कुठं बाबांनी भार टाकला, दोन श्वास घेतले आणि ते वळले.

पुढं रोज तसंच व्हायला लागलं. बाबा कुरकुरले नाहीत. चहा बरा करायचे, तिलाही अर्धा कप द्यायचे. पण कधीही, कुठंही, तिनं पुढं केलेला हात असो नाहीतर खांदा, ते आधी दाबून बघायचे आणि मगच टेकायचे.